अदलाबदलीचा बचाव आणि उंच खेळाडूचे स्थान : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

बास्केटबॉल हा उंचांचा खेळ होय, ही समजूत फार जुनी आहे. गेल्या दशकात मात्र तिच्या अगदी विरुद्ध टोकाची दुसरी समजूत रूढ झाली. आधुनिक बचावपद्धतीत उंच आणि धिप्पाड खेळाडू संघाला ओझे ठरतो, तो चपळ प्रतिस्पर्ध्यापुढे उघडा पडतो, सबब त्याचे दिवस संपले, असे या समजुतीचे थोडक्यात स्वरूप आहे. दूरचित्रवाणीवरील अमेरिकन सामन्यांतून ती आपल्याकडे आली आणि महाविद्यालयीन मैदानापर्यंत झिरपली. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या समजुतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. हा मुलूख कुस्ती आणि कबड्डीचा. येथील धिप्पाड मुलगा प्रथम तालमीत जातो, नाहीतर कबड्डीच्या मैदानावर. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाच्या वाट्याला खरोखर उंच असा विद्यार्थी आलाच तर एखादा. त्याला संघात घ्यावे काय, घेतल्यास कोठे उभे करावे आणि संघ हरल्यास दोष कोणाचा मानावा, हे निर्णय शारीरिक शिक्षण संचालकाला दरवर्षी घ्यावे लागतात. चुकीच्या सिद्धांतावर आधारलेला निर्णय त्या विद्यार्थ्याची खेळातील तीन वर्षे वाया घालवू शकतो. बचावपद्धती आधी ठरवून उंच खेळाडूला तिच्यात कोंबू नये. लागू असलेले नियम, प्रतिपक्षाची नेमबाजी आणि त्या खेळाडूची क्षमता या तिन्ही गोष्टी पाहून पद्धती ठरवावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अदलाबदलीच्या बचावाचे स्वरूप

आजच्या आक्रमणाचा पाया ‘पिक अँड रोल’ हा आहे. चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूवर एक बचावपटू असतो. त्याच्या वाटेत दुसरा आक्रमक, बहुधा उंच खेळाडू, स्थिर उभा राहतो. यालाच स्क्रीन म्हणतात. बचावपटू स्क्रीनवर अडकला की क्षणभर दोन आक्रमकांसमोर एकच मोकळा बचावपटू उरतो. त्या क्षणाचा निकाल कसा लावावयाचा, हाच बचावाचा मूळ प्रश्न आहे.

त्याची प्रचलित उत्तरे चार आहेत. पहिले ‘ड्रॉप’, यात उंच बचावपटू मागे सरून रिंगचे रक्षण करतो आणि मधल्या अंतरावरची नेमबाजी प्रतिपक्षाला देऊ करतो. दुसरे ‘हेज’, यात तो क्षणभर पुढे येऊन चेंडूची वाट अडवतो आणि साथीदार सावरताच परत फिरतो. तिसऱ्या उत्तरात दोघे मिळून चेंडूवाल्याला घेरतात. चौथे उत्तर म्हणजे ‘स्विच’, अर्थात अदलाबदल. यात दोन्ही बचावपटू आपापले प्रतिस्पर्धी बदलून घेतात.

अदलाबदलीचा गुण उघड आहे. कोणालाही स्क्रीन ओलांडून धावावे लागत नाही, त्यामुळे नेमबाजाला मोकळा क्षण मिळत नाही. पण तिची किंमत दुहेरी असते. उंच बचावपटू रिंगपासून दूर, चपळ गार्डसमोर येतो आणि त्याच वेळी ठेंगणा बचावपटू रिंगखाली उंच आक्रमकासमोर सापडतो. चर्चा होते ती पहिल्या विजोड जोडीची, कारण ती डोळ्यांत भरते. दुसऱ्या विजोड जोडीतून हातचे जाणारे रिबाउंड आणि रिंगखालचे सोपे गुण यांचा हिशेब सहसा मांडला जात नाही. उंच खेळाडूविषयीच्या आजच्या मताचा पहिला दोष या एकांगी हिशेबात आहे.

नियमांचा इतिहास

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला. रिंग जमिनीपासून १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवर राहिली आणि उंची हा साहजिकच मोठा लाभ ठरला. पुढील इतिहास या लाभाला आवर घालण्याचा आहे. खाली येणारा चेंडू रिंगपाशी अडवण्यास १९४४ मध्ये अमेरिकन महाविद्यालयीन खेळात बंदी आली. जॉर्ज मायकनच्या वर्चस्वामुळे व्यावसायिक खेळातील रिंगखालचे क्षेत्र १९५१ मध्ये ६ फुटांवरून १२ फूट रुंद करण्यात आले आणि विल्ट चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, ते १६ फूट झाले. १९६७ ते १९७६ या काळात तर महाविद्यालयीन खेळात डंक करणेच निषिद्ध होते.

दुसरी लाट अंतराला मोल देणारी होती. एनबीएने १९७९ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने १९८४ मध्ये तीन गुणांची रेषा स्वीकारली. एनबीएने २००१-०२ च्या हंगामापासून क्षेत्ररक्षणास मोकळीक दिली. मात्र आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या जवळ नसलेल्या बचावपटूने रिंगखालच्या क्षेत्रात ३ सेकंदांपेक्षा अधिक थांबू नये, असे बंधनही त्याच वेळी घातले. २००४ पासून चेंडूवाल्याला हाताने रोखण्यावर कडक निर्बंध आले. याचा एकत्रित परिणाम असा की, चपळ गार्ड मोकळा झाला, मैदान पसरले आणि उंच बचावपटूला रिंगखालून बाहेर यावे लागले. तात्पर्य, उंच खेळाडूचे घटलेले मोल हा निसर्गनियम नव्हे. ते विशिष्ट नियमांचे फलित आहे. नियम बदलले की मोलही बदलते.

उदाहरणांची फेरतपासणी

उंच खेळाडूचे युग संपले असे सांगताना २०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेचा दाखला हमखास दिला जातो. क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असे पिछाडीवर असताना गोल्डन स्टेटने चौथ्या सामन्यात ७ फुटी अँड्र्यू बोगटला प्रारंभीच्या संघातून वगळून आंद्रे इगुडालाला घेतले. सुमारे ६ फूट ६ इंच उंचीच्या ड्रेमंड ग्रीनकडे सेंटरचे काम आले. तो सामना त्यांनी १०३-८२ असा आणि पुढे मालिका ४-२ अशी जिंकली. हा दाखला खरा आहे, पण अपुरा आहे. त्याच चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडचा उंच सेंटर तिमोफे मोझगोव्ह याने २८ गुण केले होते. असे असूनही पाचव्या सामन्यात त्याला जेमतेम ९ मिनिटे खेळवण्यात आले. शिवाय केव्हिन लव्ह आणि कायरी अर्व्हिंग हे क्लीव्हलँडचे दोन प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होते. अशा मालिकेवरून उंचीविषयी सर्वसाधारण सिद्धांत मांडणे धाडसाचे आहे.

एकाच क्षणावर निष्कर्ष उभारण्याचा धोकाही लक्षात घेतला पाहिजे. २०१६ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात अदलाबदलीमुळे उंच फॉरवर्ड लव्ह हा स्टेफन करीसमोर आला. तो पायांवर स्थिर राहिला, करीचा नेम चुकला आणि क्लीव्हलँडने तो सामना ९३-८९ असा जिंकला. उलट मे २०२४ मध्ये मिनेसोटाचा रुडी गोबेर तशाच स्थितीत लुका डोन्चिचसमोर आला आणि डोन्चिचने अखेरच्या क्षणी तीन गुण मिळवून डॅलसला १०९-१०८ असा विजय मिळवून दिला. पहिल्या प्रसंगावरून उंच खेळाडू बाहेर येऊन बचाव करू शकतो असे सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून तो करू शकत नाही असेही सिद्ध होत नाही.

गोबेरचेच २०२१ मधील उदाहरण अधिक बोलके आहे. त्या हंगामात तो तिसऱ्यांदा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता आणि युटा संघाची कामगिरी साखळीत सर्वांत सरस होती. तरी दुसऱ्या फेरीत क्लिपर्सने युटाला ४-२ असे हरवले. क्लिपर्सने पाचही नेमबाज रेषेबाहेर पसरवले आणि सहाव्या सामन्यात टेरन्स मॅनने ३९ गुण केले. दोष गोबेरच्या माथी आला. वस्तुतः बाहेरचे बचावपटू पहिल्याच पावलात मागे पडत होते. रिंगकडे येणाऱ्याला रोखण्यासाठी गोबेरला आपला प्रतिस्पर्धी सोडावा लागत होता आणि कोपऱ्यातला नेमबाज मोकळा राहत होता. चूक साखळीच्या पहिल्या कडीत होती. ती दिसली शेवटच्या कडीपाशी. उंच खेळाडू बचावाच्या अखेरच्या जागी उभा असतो, म्हणून प्रत्येक अपयशाच्या चित्रात तोच दिसतो. चित्रात दिसणे आणि कारण असणे या दोन गोष्टींची गल्लत येथे झाली आहे. पुढे मिनेसोटाकडून खेळताना २०२४ मध्ये हाच खेळाडू चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

याउलट उंच खेळाडूला नव्या रचनेत जागा करून देणारी उदाहरणेही आहेत. २०२१-२२ च्या हंगामात बोस्टनचा संघ मोठ्या प्रमाणावर अदलाबदल करी. परंतु प्रशिक्षक इमे उडोका यांनी उंच रॉबर्ट विल्यम्सला चेंडूपासून दूर, कमकुवत नेमबाजावर ठेवले. त्यामुळे प्रतिपक्षाला त्याला स्क्रीनमध्ये ओढणे अवघड झाले आणि मागून येऊन चेंडू अडवण्यास तो मोकळा राहिला. हा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. २०२३ च्या अंतिम मालिकेत तर दोन पद्धती समोरासमोर आल्या. मायामीचा बॅम अडेबायो हा अदलाबदल करू शकणाऱ्या सेंटरचा आदर्श मानला जातो. डेन्व्हरचा निकोला योकिच पायाने मंद. त्याला सरसकट अदलाबदल करायला न लावता स्क्रीनच्या रेषेपर्यंत पुढे येऊन चेंडू अडवण्याचे आणि मग मागे सरण्याचे काम देण्यात आले होते. डेन्व्हरने मालिका ४-१ अशी जिंकली. अर्थात या विजयात योकिचच्या आक्रमणाचा वाटा मोठा होता. पण मुद्दा तोच आहे : संघाने त्याच्या मर्यादेभोवती बचाव रचला आणि त्याचे गुण राखले.

भारतीय संदर्भात सतनाम सिंग याचे उदाहरण विचार करायला लावते. गोल्डन स्टेटने २०१५ ची मालिका १६ जून रोजी जिंकली आणि त्यानंतर अवघ्या ९ दिवसांनी पंजाबमधील बल्लो के या गावच्या, ७ फुटांहून अधिक उंचीच्या सतनामची डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवड केली. एनबीएच्या निवडप्रक्रियेत निवडला गेलेला तो पहिला भारतीय. नियमित हंगामातील एकही सामना त्याला खेळता आला नाही. याचे कारण केवळ बचावपद्धतीत शोधणे योग्य ठरणार नाही. तथापि ज्या प्रकारच्या उंच खेळाडूची घडण त्याच्या वाट्याला आली होती, त्या प्रकारची मागणी त्याच सुमारास ओसरत होती, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. केवळ उंची हेरणे म्हणजे खेळाडू घडवणे नव्हे, हा त्यातील बोध होय.

नियमभेदाचा विसर

आपल्याकडील अनुकरणाचा सर्वांत मोठा दोष नियमांसंबंधी आहे. महाविद्यालयीन सामने फिबाच्या नियमांनी खेळले जातात, एनबीएच्या नव्हे. फिबाच्या नियमांत बचावपटूसाठी ३ सेकंदांचे बंधन नाही; ते केवळ आक्रमकाला लागू आहे. म्हणजेच आपल्या मैदानावर उंच बचावपटू रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. तसेच चेंडू रिंगला लागून वर उडाल्यानंतर तो रिंगच्या वरूनही टोलवण्याची मुभा फिबा देते, एनबीए देत नाही. हे दोन्ही नियम उंच बचावपटूच्या बाजूचे आहेत.

अंतराचीही तीच गोष्ट. एनबीएची तीन गुणांची रेषा मध्यभागी ७.२४ मीटरवर आहे. फिबाची रेषा २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेण्यात आली. तरी ती एनबीएच्या रेषेहून जवळच आहे. त्यामुळे उंच खेळाडूला रिंगपासून रेषेपर्यंत कापावे लागणारे अंतर कमी भरते. मात्र एक नियम त्याच्या विरुद्ध जातो. एनबीएत खेळाडू सहाव्या वैयक्तिक फाउलला बाद होतो, फिबात पाचव्यालाच. मंद खेळाडूला वारंवार चपळ गार्डसमोर ढकलले तर त्याचे फाउल लवकर भरतात आणि संघ त्याला गमावतो. म्हणजे सरसकट अदलाबदलीचा तोटा आपल्या नियमांत अधिकच वाढतो.

कृष्णाकाठचा दाखला

उंच आणि वजनदार खेळाडू बदलत्या पद्धतीशी जुळवून घेऊ शकत नाही, या मताला याच मातीतून एक उत्तर मिळते. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत सांगली जिल्ह्यातील दोन मल्ल वजनदार गटांत खेळले. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइल प्रकारात रौप्यपदक मिळवले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखालची पकड आणि पायांचा वापर वर्ज्य असतो, फ्रीस्टाइलमध्ये दोन्हींना मुभा असते. मातीत घडलेल्या दोन धिप्पाड मल्लांनी एकाच स्पर्धेत दोन भिन्न नियमसंहितांत पदके मिळवली, याचा अर्थ त्यांचे सामर्थ्य वजनापुरते मर्यादित नव्हते. पवित्रा, तोल आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीचा अंदाज ही खरी भांडवले होती.

कबड्डीचा बचाव तर या विषयाला अधिक जवळचा आहे. तेथे कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची कामे वाटलेली असतात. चढाईपटू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतो तसा पुढाकार एका बचावपटूकडून दुसऱ्याकडे जातो आणि साखळी वळते. कोपरारक्षक पाय धरण्यासाठी झेपावला की मध्यरक्षकाने परतीची वाट बंद करावयाची असते. वजनदार मध्यरक्षकाने चढाईपटूच्या मागे मैदानभर धावावे, अशी अपेक्षा कोणताही जाणता प्रशिक्षक करीत नाही. त्याने घाई करून जागा सोडली तर त्यालाच बोल लावला जातो. काम वाटून घेणे आणि जबाबदारी वेळेवर हस्तांतरित करणे हे अदलाबदलीच्या बचावाचे मर्म कबड्डीच्या खेळाडूला अंगवळणी पडलेले असते.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच टिकते, हेही नमूद केले पाहिजे. कबड्डीत चढाईपटूला मध्यरेषेपाशी परत यावेच लागते, म्हणून परतीची वाट अडवणे पुरते. बास्केटबॉलमध्ये आक्रमक दुरूनही नेम धरू शकतो. त्यामुळे वाट अडवून भागत नाही, हात उंचावून अंतरही राखावे लागते. कुस्ती आणि कबड्डी यांतून पवित्रा व तोल मिळेल. उंचावलेला हात आणि योग्य अंतर मात्र बास्केटबॉलच्या मैदानावरच शिकवावे लागेल.

महाविद्यालयीन संघाच्या संदर्भात

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयीन संघाला वरील विवेचन कसे लागू होते, हे पाहणे उचित ठरेल. अदलाबदलीचा बचाव ज्या आक्रमणाला उत्तर म्हणून जन्मला, त्यात ड्रिबल करता करता थांबून दुरून अचूक नेम साधणारे गार्ड गृहीत धरलेले आहेत. प्रतिपक्षात असा नेमबाज नसेल तर अदलाबदल करण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते. तेथे उंच खेळाडूला मागे ठेवणारा ड्रॉप हाच साधा आणि स्वस्त उपाय ठरतो. नेमबाज एकच असेल तर त्याच्यापुरता हेज करता येतो. सामन्याच्या अखेरीस, घड्याळात काही सेकंद उरले असताना, अदलाबदल उपयोगी पडते. तेव्हा उंच खेळाडूला ती येत असलीच पाहिजे.

म्हणून विरोधी मताचे एक म्हणणे मान्य करणे प्राप्त आहे. ज्या उंच खेळाडूला कंबर खाली ठेवून दोन-तीन पावले बाजूला सरकता येत नाही, तो कोणत्याही पद्धतीत अडचणीचाच ठरतो. परंतु हा दोष बहुतेक वेळा शिक्षणाचा असतो. उंच मुलाला वा मुलीला पहिल्या दिवसापासून रिंगखाली उभे करून ‘हात वर ठेव’ एवढेच सांगितले जाते. पायांच्या हालचालींचा सराव ठेंगण्या खेळाडूंच्या वाट्याला येतो. दोन वर्षांनी त्याच विद्यार्थ्याला बाहेर आणून गार्डसमोर उभे केले जाते आणि तो चुकला की त्याच्या उंचीला दोष दिला जातो. जे शिकवले नाही त्याची परीक्षा घेणे वर्गात अन्याय्य मानले जाते. मैदानावरही ते तसेच मानले गेले पाहिजे.

बचावात बोलण्याचे महत्त्वही येथे लक्षात घ्यावे लागते. रिंगखालून संपूर्ण मैदान दिसते ते उंच खेळाडूला. स्क्रीन कोणत्या बाजूने येत आहे, अदलाबदल करावयाची की नाही, हे त्यानेच प्रथम पुकारले पाहिजे. बोस्टनने विल्यम्सला चेंडूपासून दूर ठेवले, त्याचा एक लाभ हाही होता की खेळ त्याच्या समोर घडत राहिला. हे काम वेगाचे नाही, जाणतेपणाचे आहे आणि ते कोणत्याही महाविद्यालयात, कोणत्याही खर्चाविना शिकवता येते.

समारोप

उंच खेळाडूचे दिवस संपले, हे विधान तीन कसोट्यांवर अपुरे ठरते. ते एका विजोड जोडीचा हिशेब मांडते आणि दुसरीचा विसरते. ते शेवटच्या कडीपाशी दिसलेल्या अपयशाला शेवटच्या कडीचे अपयश समजते. आणि ते एका नियमसंहितेत घडलेले निष्कर्ष दुसऱ्या नियमसंहितेला लावते. कालबाह्य झाला आहे तो एकाच जागी, एकाच कामासाठी उभा केलेला उंच खेळाडू. आणि तो तसा घडवण्याची जबाबदारी प्रामुख्याने शिक्षणाची आहे.

जकार्ता येथे १९६२ मध्ये दोन नियमांखाली लढलेल्या दोघा मल्लांच्या जिल्ह्यात हे पटावयास कठीण जाऊ नये. महाविद्यालयाच्या मैदानावर येणाऱ्या पुढच्या उंच विद्यार्थ्याची उंची मोजून झाल्यावर त्याला प्रथम पायांचे काम शिकवावे, मग बोलण्याचे, आणि बचावपद्धतीची निवड त्यानंतर करावी. हा क्रम पाळला गेला तर अदलाबदलीच्या बचावात उंच खेळाडूचे स्थान कोणते, हा प्रश्न प्रत्येक संघाला आपापल्या मैदानावर सोडवता येईल.